रॅकूनांची नदीपार बदली

मासळीचं खत घालायची कल्पना आर्विड स्टेन्सरुडची स्वतःची होती, आणि पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं असं त्याची बायको लव्हॉन आजही म्हणते. मे महिन्यात त्यानं ते काळं, दाट पाणी तीन मोठ्या डब्यांतून आणलं आणि घरामागच्या भोपळ्याच्या वाफ्यात ओतलं. शेजाऱ्यांनी भराभर खिडक्या लावून घेतल्या. लव्हॉननं दोरीवरचे वाळलेले कपडे काढले आणि पुन्हा धुवायला टाकले.

"एवढा वास आहे म्हणजे तेवढी ताकदही असणार," आर्विड म्हणाला.

"आणि हा वास फक्त आपल्यालाच येतोय असं वाटतं का तुला?" लव्हॉन म्हणाली.

आर्विड एकाहत्तर वर्षांचा होता. विस्कॉन्सिनच्या त्या डोंगराळ कोपऱ्यात त्यानं एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. निवृत्त झाल्यावर त्याला भोपळ्यांचं वेड लागलं. भाजीच्या भोपळ्यांचं नव्हे. वेलावर एकच फळ राखायचं, बाकीची खुडून टाकायची, त्या एकाला सहा-सातशे पौंडांपर्यंत फुगवायचं आणि ऑक्टोबरच्या जत्रेत साखळदंडानं उचलून काट्यावर चढवायचं, असलं ते वेड. नऊ वर्षं तो हे करत होता आणि त्यातली शेवटची सहा वर्षं बर्नडीन कुलास त्याला हरवत होती. गेल्या वर्षी तर फक्त एकोणीस पौंडांनी.

बर्नडीन नदीपलीकडच्या सेंट हेडविग गावात मटणाचं दुकान चालवायची. चौसष्ट वर्षांची, विधवा, अंगानं मजबूत. तिच्या हातचे सॉसेज न्यायला लोक तीस मैलांवरून यायचे. आर्विड मात्र कधी गेला नव्हता. दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. वर्षातून एकदा, काट्यापाशी, तो "अभिनंदन" म्हणायचा आणि ती "पुढच्या वर्षी या पुन्हा" म्हणायची. त्या "पुन्हा"नं त्याला हिवाळाभर झोप लागत नसे.

जूनच्या सुरुवातीला वाफ्यात पावलं दिसली. लहान मुलानं चिखलात हात उमटवावेत तशी, पाच पाच बोटांची. वेलाच्या मुळाशी जागोजाग उकरलेलं होतं. मासळीच्या वासानं रॅकून आले होते, रात्री हिंडणारी, झुपकेदार शेपटीची, मांजराहून थोराड जनावरं; त्यांना मासळी मिळाली नाही, तेव्हा त्यांनी मातीतले किडे खाल्ले, आणि मग आलोच आहोत तर बघू म्हणून मुठीएवढ्या भोपळ्यांना दात लावून पाहिले. एकही पूर्ण खाल्ला नव्हता. प्रत्येकाचा एकच घास घेऊन टाकून दिला होता, याचा आर्विडला जास्त राग आला.

त्यानं वाफ्यात रेडिओ ठेवला आणि रात्रभर बातम्या चालू ठेवल्या. सकाळी रेडिओच्या चारही बाजूंना उकरलेलं होतं; भोवती बसून ऐकत ऐकत खाल्लं असावं. मग न्हाव्याकडून पिशवीभर केस आणून पसरले. ते पक्ष्यांनी घरट्यांना नेले. मग त्यानं तिखट फवारलं, पण वारा उलटा फिरला आणि लव्हॉनला त्याचे डोळे धुवत अर्धा तास त्याचं डोकं नळाखाली धरून बसावं लागलं.

"ड्वेननं सांगितलेलं कर," ती म्हणाली. "दोन तारा. एक वीतभर उंचीवर, दुसरी दोन वितींवर. झटका मशीन लावायचं. एकदा नाक लागलं की परत फिरकायचे नाहीत."

ड्वेन तिचा भाऊ. त्याच्याकडे साठ गाई होत्या, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं.

"ड्वेनचं ऐकून भोपळा वाचवण्यापेक्षा तो रॅकूनांनी खाल्लेला परवडला," नळाखालून आर्विड म्हणाला.

त्यानं पिंजरा आणला. आत आमिष म्हणून मऊ पांढऱ्या मिठाईचे गोळे ठेवले, म्हणजे मांजरं शिरणार नाहीत. दुसऱ्याच सकाळी पहिला रॅकून आत बसलेला होता. डोळ्यांवर तो काळा पट्टा, पुढच्या पंजात अर्धा गोळा, आणि चेहऱ्यावर पाहुण्याचं समाधान. आर्विडनं पिंजऱ्यावर गोधडी टाकली, पिंजरा पिकअपमध्ये चढवला आणि नदीपलीकडे बारा मैलांवरच्या पाइनच्या रानात नेऊन सोडला. कायद्यानं त्यासाठी त्या जमिनीच्या मालकाची परवानगी लागते. आर्विडनं ती घेतली नव्हती, म्हणून गोधडी.

"तिकडेच का?" लव्हॉननं विचारलं.

"रान दाट आहे. ओढा आहे. खेकडे असतील. सुखात राहील बिचारा."

त्या रानाच्या पाठीमागे बर्नडीन कुलासचं घर आणि भोपळ्यांचं शेत आहे, हे त्यानं बायकोला सांगितलं नाही. स्वतःलाही त्यानं ते स्पष्ट शब्दांत कधी सांगितलं नव्हतं.

चार दिवसांनी पिंजऱ्यात पुन्हा रॅकून.

"तोच आहे," लव्हॉन म्हणाली. "तू कॉफी प्यायच्या आत परत आला असेल."

"दुसरा आहे."

"कशावरून?"

कशावरून ते आर्विडला सांगता येईना. मग त्यानं दाराला लावून उरलेला निळा रंग काढला, लांब काठीला कुंचला बांधला आणि जाळीतून त्या रॅकूनाच्या शेपटीला एक पट्टा ओढला. यापुढे प्रत्येकाला असा पट्टा लागला. जुलैच्या मध्यापर्यंत सहा निळे पट्टे नदीपार झाले आणि एकही परत आला नाही. आर्विड रोज संध्याकाळी हे लव्हॉनला ऐकवायचा. गंमत एवढीच की वाफ्यातलं उकरणं काही थांबेना. सहा गेले, तरी येणारे होते तेवढेच.

एका सकाळी पिंजऱ्यातल्या रॅकूनाच्या कपाळावर, दोन डोळ्यांच्या बरोबर मधे, गुलाबी टिकली दिसली.

"तुती खाल्ल्या असतील," आर्विड म्हणाला.

लव्हॉन चष्मा लावून वाकली. "तुती कपाळानं खातात का? हे नेलपॉलिश आहे. चांगल्यापैकी आहे, महागातलं." मग ती सरळ झाली आणि चष्मा काढून नवऱ्याकडे वळली. "आर्विड, तू यांना जिथे सोडतोस तिथे जवळपास कोण राहतं?"

"कुणी नाही. रान आहे."

"रान नखं रंगवतं वाटतं," ती म्हणाली, आणि हसत हसत आत गेली. दिवसभर मधूनच तिला हसू फुटत होतं. आर्विडनं टिकलीवाल्याच्या शेपटीला निळा पट्टा ओढला आणि त्यालाही नेऊन सोडला.

त्यानंतरच्या गुरुवारी पिंजऱ्यात मोठी मादी सापडली. बाकीचे गुरगुरायचे नाहीतर खात बसायचे. ही मात्र जाळीला पुढचे दोन्ही पंजे लावून आर्विडच्या शेडकडे एकटक बघत होती. त्यानं पट्टा ओढला, गोधडी टाकली, नेली, सोडली आणि दहाच्या आत घरी येऊन अंडी खाल्ली.

दुपारी लव्हॉन काकड्यांच्या लोणच्यासाठी बरण्या आणायला शेडमध्ये गेली. ती बरण्या न घेताच परत आली.

"आज सकाळची मादी होती का?"

"असेल."

"तिच्या पोटाकडे बघितलंस? दूध होतं का तिला?"

"मी काय तिच्या पोटाकडे बघत बसू?"

"माळ्यावर, तुझ्या त्या बसच्या जुन्या सीटच्या मागे, चार पिल्लं आहेत. चिरचिर करून घसे कोरडे पडलेत त्यांचे." ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. चारचौघात ती त्याची थट्टा करायची, पण समोर खुर्ची घेऊन बसली की विषय गंभीर असे, हे चव्वेचाळीस वर्षांत त्याला कळलं होतं. "तू आईला बारा मैलांवर टाकून आलास, आर्विड."

"मला काय माहीत."

"आता माहीत झालं ना? मग ऊठ."

"रानात कुठे शोधू तिला? शेपूट निळी म्हणून हाका मारू?"

"पिल्लं घेऊन जा. त्यांचा आवाज ऐकून येईल ती. आई आहे." तिनं धुण्याची टोपली आणली, त्यात जुनी चादर घातली आणि शेतातले जाड हातमोजे घालून चारही पिल्लं एकेक करून उतरवली. मांजरीएवढीसुद्धा नव्हती, पण प्रत्येकाच्या तोंडावर तो काळा पट्टा पूर्ण होता. एकानं लव्हॉनच्या मोज्याचं बोट धरलं ते सोडेना. ते सोडवताना तिनं आर्विडकडे पाहिलं नाही, यावरून आपण किती खालच्या पायरीवर आहोत ते त्याला कळलं.

टोपली त्यानं शेजारच्या सीटवर ठेवली, वर टॉवेल टाकला. दुसऱ्या मैलाला टॉवेल हलायला लागला. चौथ्या मैलाला एक पिल्लू सीटवर होतं, दुसरं त्याच्या पायाशी.

"खाली बसा," आर्विड म्हणाला. त्याच्याही नकळत तो जुना आवाज बाहेर आला, बसमधला. "गाडी चालू असताना कुणी उभं राहायचं नाही. तू, मागचा, तुलाच सांगतोय."

मागचा त्याच्या बाहीवरून खांद्यावर चढला आणि कान धरून स्थिर झाला. नदीच्या पुलावर समोरून टपालाची गाडी आली. चालवणाऱ्यानं हात वर केला, मग तो तसाच वर राहिला. आर्विडनंही रोजच्यासारखा हात केला. दुसरं काय करणार?

रानातल्या कच्च्या रस्त्यावर त्यानं पिकअप थांबवली. पायाशी गेलेल्याला उचलून टोपलीत घातलं. खांद्यावरचा काही उतरेना, तेव्हा तो तसाच ठेवला. पाचपन्नास पावलं चालला तर वळणावर, रान संपून शेताचं कुंपण लागतं तिथे, दुसरी पिकअप उभी, आणि तिच्या मागच्या बाजूला एक बाई चादर घातलेलं काहीतरी दोरीनं आवळून बांधत होती.

बर्नडीन कुलासनं वर पाहिलं. तिनं आधी आर्विडकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्याकडे, मग टोपलीकडे.

"स्टेन्सरुड," ती म्हणाली. "जत्रा ऑक्टोबरात असते."

"माहीत आहे मला."

"मग इकडे कुठे?"

"असंच. फिरायला."

"धुणं घेऊन?"

टोपलीतून चिरचिर ऐकू आली.

"तुमचं धुणं रडतंय," बर्नडीन म्हणाली.

आर्विडनं विषय बदलला. "तुमच्या गाडीत काय आहे?"

"सॉसेज. गिऱ्हाईकाकडे पोचवायचेत."

त्याच वेळी चादरीखालचे सॉसेज गुरगुरले. मग पिंजरा आतून धाडधाड हलायला लागला. टोपलीतली तीन आणि खांद्यावरचं एक अशी चारही पिल्लं एका सुरात ओरडू लागली, आणि चादरीखालून कुणीतरी त्यांना उत्तर देऊ लागलं. गुरगुर नव्हती ती. घशातल्या घशात केलेला, थरथरता, हळू आवाज होता.

बर्नडीननं चादर ओढली. आत मोठी मादी होती, शेपटीला ताजा निळा पट्टा.

"आज सकाळी दहा-साडेदहाला माझ्या पिंजऱ्यात गेली," ती म्हणाली. "दिवसाढवळ्या. म्हटलं, एवढी कसली घाई हिला."

"घरी निघाली असेल," आर्विड म्हणाला. "वाटेत तुमचं आमिष लागलं."

"हे निळं रंगकाम तुमचं?"

"हो. आणि ती गुलाबी टिकली?"

"गुलाबी नाही ती, पोवळी आहे. माझ्या नातीची बाटली." बर्नडीननं कमरेवर हात ठेवले. "मी तुमच्या गावच्या शाळेमागच्या ओढ्यावर सोडायची. परवानगी न विचारता."

"हे रान कुणाचं आहे?"

"माझं. का?"

"मीही नव्हती विचारली."

बर्नडीननं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे दोन महिने मी पेट्रोल जाळून तुमचे रॅकून तुमच्याकडे पाठवतेय, आणि तुम्ही माझे माझ्याकडे."

"आणि त्यांना दोन्हीकडे फुकट मिठाई," आर्विड म्हणाला.

"एकाला तर दोन्ही रंग आहेत. मी त्याला दोनदा नेलाय. परवा दार उघडं दिसताच आपणहून पिंजऱ्यात जाऊन बसला."

यावर हसायचं की नाही हे दोघांनाही ठरवता येईना. शेवटी पिल्लांनी तो प्रश्न सोडवला; खांद्यावरच्यानं उडी मारली आणि तो थेट पिंजऱ्याच्या जाळीला जाऊन चिकटला. बर्नडीननं पिंजरा जमिनीवर उतरवला, आर्विडनं टोपली शेजारी आडवी केली, आणि तिनं दार उचललं. दोघं चार पावलं मागे सरकून उभे राहिले.

मादीनं चौघांनाही हुंगलं. एकेकाला पुढच्या पंजांनी उलटंपालटं करून बघितलं, कान चाटले, एकाला उगीच एक चापट मारली. मग एकाला मानेला धरून ती निघाली. रानाकडे नव्हे. रस्ता ओलांडून, कुंपणाखालून, सरळ बर्नडीनच्या रिकाम्या गोठ्याकडे. भिंतीची एक फळी तुटलेली होती, तिथून ती आत गेली आणि दुसऱ्याला न्यायला परत आली. चार खेपा. शेवटच्या खेपेला तिनं दोघांकडे एकदा पाहिलं, सामान पोचल्यावर हमालाकडे बघावं तसं.

"झालं," बर्नडीन म्हणाली. "आत्तापर्यंत रानात सोडत होतात, आज घरपोच केलंत. तेही पाच."

"मी फळी ठोकून देतो."

"आता? लेकुरवाळी आत गेल्यावर?" तिनं असं काही पाहिलं की आर्विडला लव्हॉनची आठवण झाली. "राहू देत. शरद येईस्तोवर जातील. पण माझ्या भोपळ्यांचं काय करायचं ते सांगा. गोठ्यापासून चाळीस पावलांवर आहेत."

आर्विडनं टोपली उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग जे वाक्य आपल्या तोंडून कधी निघेल असं त्याला वाटलं नव्हतं ते निघालं. "माझा मेव्हणा म्हणतो, दोन तारा लावायच्या. एक वीतभर उंचीवर आणि एक दोन वितींवर."

"मग लावल्या का नाहीत?"

"मेव्हणा म्हणतो म्हणून."

बर्नडीननं समजून मान हलवली. तिलाही दीर होता.

शनिवारी ड्वेन आपलं झटका मशीन, तारेची भेंडोळी आणि दोन महिने साठवलेलं बोलणं घेऊन आला. सकाळी आर्विडचा वाफा झाला, दुपारी नदीपलीकडे बर्नडीनचं शेत. खुंटी कशी ठोकायची, तार कशी ताणायची, गवत तारेला लागलं तर काय होतं, गाय तारेला लागली तर काय होतं, १९९४ साली त्याच्या एका गड्याला तार लागली तेव्हा काय झालं, सगळं ऐकावं लागलं. "मी जूनमध्येच म्हटलं होतं," हे ड्वेन अकरा वेळा म्हणाला. बाराव्या वेळी बर्नडीननं त्याच्या हातात गरम सॉसेज घातलेला पाव दिला, आणि त्याचं तोंड भरलेलं असेस्तोवर शांतता होती. लव्हॉननं रुबार्ब नावाच्या भाजीच्या आंबट देठांच्या गोड वड्या करून आणल्या होत्या. ती आणि बर्नडीन गोठ्याच्या फटीतून बराच वेळ आत बघत बसल्या. काय बोलत होत्या कुणास ठाऊक, पण दोघींनी मधेच वळून आर्विडकडे पाहिलं आणि हसल्या.

आर्विडनं त्या दिवशी पहिल्यांदा ते सॉसेज खाल्ले. नऊ वर्षं वाया घालवली असं त्याला वाटलं. आणखी दोन मागून घेतले.

रॅकूनांनी एकेकदा नाक लावून पाहिलं आणि भोपळ्यांचा नाद सोडला. ऑगस्टभर दोन्हीकडचे भोपळे वाढत राहिले. आता आठवड्यातून एकदा फोन व्हायचा. "किती घेर?" "तुमचा सांगा आधी." दोघंही चार इंच कमी सांगायचे.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या सकाळी बर्नडीनचा फोन आला. तिनं घेर सांगितला नाही.

"फुटला," ती म्हणाली.

आर्विड पोचला तेव्हा ती शेतात पालथ्या बादलीवर बसली होती. भोपळा देठापासून खाली उकलला होता, हाताचा पंजा आत जाईल एवढा. पाणी जास्त झालं की आतून फुगून सालीला झेपत नाही. कुणाचा दोष नसतो. जत्रेत मात्र असं फळ काट्यावर घेत नाहीत. तसा नियमच आहे. सहा वर्षं ज्या क्षणाची त्यानं मनातल्या मनात उजळणी केली होती तो हा. पण प्रत्यक्षात त्यानं आणखी एक बादली शोधली, पालथी घातली आणि तो तिच्या शेजारी बसला.

"वजन करू," तो म्हणाला.

"फुटलेल्याचं धरत नाहीत."

"नको धरू देत. आपल्याला तर कळेल."

शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागवून त्यांनी तो पिकअपवर चढवला आणि गिरणीवर, धान्याच्या गाड्या तोलतात त्या काट्यावर नेला. सहाशे अठ्ठ्याऐंशी पौंड. बर्नडीननं आकडा वाचला आणि नाक शिंकरलं. घरी उतरताना एवढंच म्हणाली, "बिया काढून ठेवते. निम्म्या तुम्हाला."

ऑक्टोबरात आर्विडचा भोपळा सहाशे एकाहत्तरवर थांबला आणि पहिला आला. निळी फीत लावून झाल्यावर त्याच्या हातात ध्वनिक्षेपक दिला. एकतीस वर्षं बसच्या आरशातून बोलायची सवय असलेला माणूस. समोर तोंडं दिसली की त्याची जीभ अडखळायची.

"यंदा या भागातला सगळ्यात मोठा भोपळा हा नव्हे," तो म्हणाला. "तो सहाशे अठ्ठ्याऐंशीचा होता. मी स्वतः तोलला. बर्नडीन कुलासचा. पाऊस झाला नसता तर मी आज दुसरा असतो. किंवा तिसराही असतो, सांगता येत नाही. तर मला म्हणायचं असं की..."

"स्टेन्सरुड," गर्दीतून बर्नडीनचा आवाज आला, "लोकांना भुका लागल्यात. माझे सॉसेज करपतायत."

लोक हसले आणि तिच्या टपरीकडे वळले. लव्हॉननं त्याच्या हातातून ध्वनिक्षेपक काढून घेतला. तो अजून धरूनच उभा होता.

पहिला बर्फ पडायच्या आधी तारा गुंडाळून ठेवाव्या लागतात, नाहीतर खुंट्या गोठलेल्या जमिनीतून निघत नाहीत. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आर्विड त्यासाठी नदीपलीकडे गेला. मादी आणि तिची चार थोराड पिल्लं आठवड्यापूर्वी गोठा सोडून रानात गेली होती.

"बरं झालं," बर्नडीन म्हणाली. "घाण फार करायची." पण तुटकी फळी तिनं ठोकली नव्हती, आणि आर्विडनं हातोडी काढली तेव्हा म्हणाली, "ते राहू द्या. आधी तारा."

तास-दीड तासाचं काम होतं. त्याला चार तास लागले, कारण तार तो उलटी गुंडाळत होता आणि बर्नडीनला ते बघवत नव्हतं; प्रत्येक भेंडोळं ती सोडून पुन्हा गुंडाळायला लावत होती.